जेकार्डची पट्टी: समाजमाध्यमांवर लेखिकेची दृश्य ओळख घडवताना

मराठी कथासंग्रहाची पहिली आवृत्ती आजही बहुधा ५०० ते १,००० प्रतींची असते. बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी ललित पुस्तके विकणारे दुकान शोधावे लागते, आणि वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत परीक्षणांना मिळणारी जागा पूर्वीपेक्षा बरीच आक्रसली आहे. त्यामुळे माझ्या दुसऱ्या कथासंग्रहाची मुद्रिते तपासून झाल्यावर प्रकाशकांनी ‘समाजमाध्यमांवर थोड्या दिसत राहा आणि जे टाकाल त्यात काही सारखेपणा ठेवा’ असे सुचवले, तेव्हा त्या सूचनेला नाक मुरडण्याचे कारण माझ्याकडे नव्हते. वाचकाची पुस्तकाशी पहिली भेट आता दुकानाच्या फळीपेक्षा फोनच्या पडद्यावर होते, तीही नखाएवढ्या चित्रातून. आणि त्या चित्रावरून हे लेखन कोणाचे असावे याचा अंदाज त्याला आला नाही, तर तो पुढे सरकतो. प्रश्न एवढाच होता की माझ्या कथांना साजेसे दिसणे म्हणजे नेमके काय, आणि ते कोणाकडून, कसे करून घ्यायचे.

उपयोजित कला शिकलेली माझी भाची या कामात पहिल्यापासून सोबत होती. तिने सर्वप्रथम माझ्या दोन्ही खात्यांवरील जुनी चित्रे छापून घेतली आणि जेवणाच्या टेबलावर मांडली. मराठी लेखकाचे समाजमाध्यमांवरील सार्वत्रिक रूप त्यात पूर्णपणे उतरले होते: खांद्यावर शाल, हातात श्रीफळ, मागे आयोजकांच्या नावांचा फ्लेक्स आणि छायाचित्रकाराने बरोबर वेळ साधल्यामुळे मिटलेले डोळे. उरलेल्या चित्रांत खिडकीवरचा पाऊस, चहाचा कप आणि उघडे पुस्तक होते, जे महाराष्ट्रातील कोणत्याही कवीच्या, कथाकाराच्या किंवा चहाविक्रेत्याच्या खात्यावर तितकेच शोभले असते. “मावशी, यावरून तू सत्कार स्वीकारतेस एवढंच कळतं, लिहितेस काय ते कळत नाही,” असे ती म्हणाली, आणि तिच्या या निरीक्षणावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. सत्काराची छायाचित्रे आयोजकांच्या आनंदासाठी असतात. ती त्यांच्या खात्यांवर राहू द्यावीत आणि आपल्या खात्यावर केवळ लेखनातून आलेल्या गोष्टी ठेवाव्यात, हा पहिला नियम त्या टेबलावरच ठरला.

लेखनातून आलेल्या गोष्टी म्हणजे माझ्या बाबतीत सोलापूर. दोन्ही संग्रहांतील बहुतेक कथा शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या कारखान्यांच्या आसपास घडतात. त्यांतील माणसे घरात तेलुगू आणि रस्त्यावर मराठी बोलतात, चादरी आणि टॉवेल विणतात किंवा विणणाऱ्यांवर अवलंबून असतात. तेव्हा चादर हेच चिन्ह घ्यावे असे कोणालाही चटकन वाटेल, आणि माझ्या परिचितांपैकी अनेकांनी ते सुचवलेही. पण सोलापुरी चादर ही आधीच एक प्रसिद्ध ओळख आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिचा मोर किंवा तिची चौकडी माझ्या पोस्टवर आली असती तर लोकांना ती चादरीची जाहिरात वाटली असती. मला चादरीच्या मागची, विकत घेणाऱ्याच्या नजरेस न पडणारी एखादी वस्तू हवी होती, कारण माझ्या कथाही त्याच बाजूने लिहिलेल्या आहेत.

ती वस्तू म्हणून जेकार्डचे कार्ड निवडले गेले. फ्रान्समधील लिआँच्या जोझेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या, मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे नाव आमच्याकडे जेकार्ड म्हणून रुळले आहे. नक्षीतील बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, एकेका ओळीसाठी जाड पुठ्ठ्याचे एक कार्ड असते. कार्डात जिथे भोक असते तिथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, भोक नसते तिथे तो खालीच राहतो. अशी कार्डे दोऱ्याने एकमेकांना ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरत राहते आणि खाली कापडावर मोर उमटत जातो. आता अनेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आल्यामुळे जुनी कार्डे रद्दीत निघतात. भोके असलेली एक अरुंद पट्टी, प्रत्येक चित्राच्या एका कडेला, नेहमी त्याच जागी: ही कल्पना भाचीची, आणि ती ऐकताक्षणी मला पटली, कारण ती लहान आकारातही दिसते, रंग बदलला तरी ओळखू येते आणि तिच्यासाठी दर वेळी नवे चित्र काढावे लागत नाही.

भाचीने संगणकावर काढलेली पहिली पट्टी दिसायला फार देखणी होती. भोकांमधील अंतरे तिने नजरेला गोड वाटतील अशी ठेवली होती. ती मी सोलापुरात कार्डांचे पंचिंग करण्यात, म्हणजे नक्षीनुसार त्यांना भोके पाडण्यात, आयुष्य घालवलेल्या एका ओळखीच्या मामांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “ताई, ह्या कार्डातनं फडकंसुद्धा निघायचं नाही.” मग त्यांनीच रद्दीतले एक खरे कार्ड काढून दिले. ते एका चादरीच्या काठाचे होते, आणि आता माझ्या प्रत्येक पोस्टच्या तळाशी जी पट्टी असते ती त्या कार्डावरून जशीच्या तशी गिरवलेली आहे. शंभरातील नव्याण्णव वाचकांना हा फरक कळणार नाही हे मला मान्य आहे. परंतु माझे कितीतरी वाचक त्याच भागातील आहेत, आणि ज्यांच्यावर आपण लिहितो त्यांना आपले चिन्ह खोटे वाटू नये, एवढी किमान अपेक्षा मी स्वतःकडून धरते.

रंगांचे काम तुलनेने लवकर आटोपले. चादरींमधील गडद तांबडा, मोहरीचा पिवळा, काळपट हिरवा आणि धुऊन मळकट झालेल्या सुताचा पांढरा असे चार रंग निवडले. यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या होत्या. एक म्हणजे वाचनीयता: संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी जे निकष जगभर वापरले जातात त्यांनुसार साध्या आकाराचा मजकूर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ ला १ असावे लागते. आमचा पिवळा पांढऱ्यावर या कसोटीला मुळीच उतरला नाही, आणि तांबड्यावर तो केवळ मोठ्या अक्षरांपुरता चालला. म्हणून लहान मजकूर नेहमी तांबड्यावर पांढरा किंवा पांढऱ्यावर काळपट हिरवा, असे ठरले. भर उन्हात बसथांब्यावर फोन धरून वाचणाऱ्या माणसासाठी हा नियम किती उपयोगी आहे ते सोलापूरच्या मे महिन्यात पडताळून पाहता येते. दुसरी गोष्ट छपाईची. पडद्यावरचा रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून होतो, छापील रंग निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. त्यामुळे पडद्यावर झगमगणारा पिवळा मुखपृष्ठावर मंदावतो. पोस्ट आणि पुस्तक एकाच घरचे दिसायला हवे असतील तर आधी छपाईत मिळणारा रंग पाहून मग पडद्यावरचा रंग त्याच्याजवळ आणावा लागतो, आणि बहुतेक लोक हे काम उलट क्रमाने करतात.

सर्वांत जास्त वेळ अक्षरांवर गेला, आणि माझ्या मते तो तसा जायलाच हवा होता. मराठी वाचकाची नजर चित्राइतकीच अक्षरावरही पोसलेली आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची चित्रे दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून घरोघरी पोचली, पण त्याच काळापासून शीर्षकांची हाताने काढलेली अक्षरेही लोक ओळखू लागले होते. २०२० साली निधन पावलेल्या कमल शेडगे यांनी नाटकांच्या शीर्षकांना जी अक्षररूपे दिली, त्यांच्यामुळे वृत्तपत्रातील नाटकांच्या जाहिरातींचे पान नुसते चाळणाऱ्यालाही नाटकाचा स्वभाव आधीच कळत असे. ज्या भाषेत ही परंपरा आहे, तिच्यात लेखकाने आपले नाव संगणकाने आपोआप निवडलेल्या अक्षरांत लिहावे, हे मला दारिद्र्याचे लक्षण वाटते. आणि हे दारिद्र्य पैशांचे नाही, कारण उत्तम देवनागरी फाँट आज विनामूल्य मिळतात.

फाँट पारखण्यासाठी मी एक वाक्य तयार केले: ‘तिसऱ्या पाळीला पद्मशाली गल्लीत शुकशुकाट’. संग्रहातील एका कथेचे शीर्षक ‘तिसरी पाळी’ असल्यामुळे हे शब्द पुन्हा पुन्हा लागणारच होते, आणि मराठीला हवे ते सर्व या एका ओळीत येते. ‘तिसऱ्या’मध्ये र चे ते खास मराठी अर्धरूप आहे, जे दुसऱ्या, वाऱ्या, दऱ्या अशा असंख्य शब्दांत लागते आणि हिंदीत लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या काही फाँटमध्ये तिथे एकतर पाय मोडलेला र उभा राहतो किंवा रिकामा चौकोन दिसतो. ‘पाळी’मध्ये ळ आहे. ‘गल्ली’ आणि ‘पद्मशाली’मध्ये ल आणि श आहेत, ज्यांची मराठी आणि हिंदी वळणे वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णमालेसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपे प्रमाण मानली आहेत, तरी आपल्या फोनवर आणि पोस्ट बनवण्याच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श सर्रास दिसतात. कारण तांत्रिक आहे: अनेक चांगल्या फाँटमध्ये दोन्ही रूपे साठवलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी असे नोंदवले तर मराठी रूप आपोआप येते, पण अ‍ॅपला ती भाषा सांगण्याची सोयच नसते.

यावर सोपा उपाय असा की ज्या फाँटचे मूळ रूपच मराठी आहे तो घ्यावा. टिरो देवनागरी या फाँटच्या हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्या आहेत, आणि त्यांपैकी मराठी आवृत्तीत आपले ल आणि श कोणतेही बटण न दाबता उमटतात; त्याचे वळणही जुन्या खिळे जुळवून छापलेल्या पुस्तकांच्या जवळचे असल्याने कथेतील उताऱ्यांसाठी आम्ही तोच घेतला. किंमत, प्रकाशनाचे नाव, कार्यक्रमाची वेळ अशा बारीक माहितीसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट निवडला, कारण त्यात अगदी बारीकपासून अतिठळकपर्यंत सात वजने आहेत आणि लहान आकारातही तो दाटत नाही. मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला यात्रा वन हा फाँट मला स्वतःला फार आवडतो, परंतु तो पाहताच माणूस दादरच्या फलाटावर जातो आणि मला त्याला सोलापुरात ठेवायचे होते. बालू हा फाँट तेलुगू आणि कन्नडमध्येही उपलब्ध असल्यामुळे आमच्या पूर्व भागाला सोयीचा होता, पण त्याचा गुबगुबीत आनंदीपणा तिसऱ्या पाळीच्या कथेला सोसवेना. हे चारही फाँट मुक्त परवान्याखाली आहेत. त्यांचा व्यावसायिक वापर विनाशुल्क करता येतो.

फाँट निवडल्यावरही देवनागरीचे काही हट्ट उरतात. इंग्रजी शीर्षकांत अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडण्याची जी पद्धत आहे ती आपल्याकडे चालत नाही, कारण जागा वाढवताच शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. तयार साच्यांत ही जागा आधीच वाढवलेली असते, म्हणून मराठी मजकूर टाकल्याबरोबर ती शून्यावर आणावी लागते. वर रफार आणि वेलांटी, खाली उकार आणि जोडाक्षराचा लोंबता भाग, अशा दोन्ही बाजूंनी अक्षर वाढत असल्याने ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवावे लागते, आणि ते ठेवले की एका चित्रात मावणारा मजकूर कमी होतो. या अडचणीचा मला फायदाच झाला. उतारा चार-पाच ओळींपेक्षा मोठा असता कामा नये हे बंधन आपोआप पडले, आणि स्वतःच्या कथेतून चार ओळी निवडताना कोणती चार वाक्ये संदर्भाशिवाय उभी राहतात हे अतिशय निष्ठुरपणे कळते.

नावाची अक्षरे मात्र फाँटमधून घेतली नाहीत. ती एका सुलेखनकाराकडून बोरूने लिहून घेतली, त्यांना मानधन दिले आणि नाव कुठेकुठे वापरणार याची यादी करून दोघांनी सही केली. त्यांनी लिहून दिलेल्या नमुन्यांपैकी सर्वांत डौलदार नमुना मी घेतला नाही. जो लहान केल्यावरही वाचता येत होता तो घेतला. याच सुमारास अनेकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्रे करून घेण्याचा सल्ला दिला. करून पाहिले. मागावर बसलेली माणसे दिसायला ठीक होती, पण मागाची रचना अशी होती की त्यावर काहीही विणले जाणे अशक्य, आणि पाठीमागच्या पाटीवर देवनागरीसारखी दिसणारी पण कोणत्याही भाषेत नसलेली अक्षरे होती. पंचिंगवाल्या मामांना ते चित्र दाखवण्याचे धाडस मी केले नाही.

छायाचित्रांचा प्रश्न अधिक नाजूक निघाला. कारखान्यात जाऊन कामगारांसोबत छायाचित्रे काढावीत, त्याने ‘वातावरण’ येईल, असे सुचवले गेले. मी नकार दिला. बाण्याच्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईचा घामेजलेला चेहरा माझ्या पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठी वापरायचा आणि तिला त्यातून काहीच मिळायचे नाही, हे मला पटत नव्हते. शिवाय वाचकाने एकदा तो चेहरा पाहिला की कथेतील पात्राला तोच चेहरा चिकटतो. त्याऐवजी वस्तूंची छायाचित्रे काढली: कांडी, धोटा, सुताचे कोन, हजेरीपटाचे कोरे पान, दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला डबा. माझे स्वतःचे एकच छायाचित्र घेतले, साध्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात, नेहमीच्या सुती साडीत. डीपी सर्वत्र गोलाकार कापला जातो, म्हणून चेहरा मध्यभागी आणि चारही कोपरे रिकामे ठेवून ते काढले, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप व प्रकाशकांचे संकेतस्थळ या चारही ठिकाणी तेच लावले. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या वयाचे फोटो लावण्याचा मोह लेखकांना, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांना, आवरत नाही. पण ओळख पटवण्याचे काम असेल तर एकच फोटो आणि तोही आजचा हवा.

आकारमानांचे काम कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही. इन्स्टाग्रामवर उभ्या पोस्टसाठी आम्ही १०८० बाय १३५० पिक्सेलचा आकार धरला. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरील चौरसांच्या जागी तीनास चार प्रमाणातील उभे आयत आणले, त्यामुळे या आकाराच्या चित्राच्या डाव्या-उजव्या कडा तिथे थोड्या कापल्या जातात. भाचीला पट्टी डाव्या कडेला उभी हवी होती, मागावरची कार्डांची माळ टांगलेली असते तशी. ती हट्टाने तिथे ठेवली असती तर प्रोफाइलवर अर्धी भोके दिसली असती. म्हणून पट्टी तळाशी आडवी आली. स्टोरीसाठीच्या १०८० बाय १९२० च्या चित्रात वर आणि खाली अ‍ॅपची स्वतःची बटणे येतात, तेव्हा तिथे ती थोडी वर उचलावी लागते. फेसबुकचे आवरणचित्र संगणकावर ८२० बाय ३१२ आणि फोनवर ६४० बाय ३६० अशा दोन वेगळ्या प्रमाणांत दिसते. त्यात महत्त्वाचे जे काही असेल ते मध्यभागी ठेवावे, एवढे लक्षात ठेवले की भागते.

मराठी साहित्याच्या बाबतीत इन्स्टाग्रामपेक्षा व्हॉट्सअ‍ॅप अधिक महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत बनले आहे. वाचनकट्टे, ग्रंथालयांचे गट, निवृत्त शिक्षकांचे समूह, परदेशांतील महाराष्ट्र मंडळांचे गट या सर्व ठिकाणी चित्र पुढे पाठवले जाते आणि त्याखालचा मजकूर पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यातच गळून पडतो. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेली वाक्ये ज्या गतीने फिरतात, त्याच गतीने हयात लेखकांची वाक्ये नावाशिवाय फिरतात. म्हणून माझ्या उताऱ्याच्या प्रत्येक चित्रात लेखिकेचे नाव, पुस्तकाचे नाव आणि प्रकाशन या तीन गोष्टी चित्राच्या आतच, सहज कापून काढता येणार नाहीत अशा जागी असतात. व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून लहान करते. २०२३ पासून एचडी पाठवण्याची सोय आहे, परंतु ती वापरणारे थोडे, तेव्हा दाबल्यानंतरही वाचता येईल एवढेच अक्षर लहान करायचे, असे ठरवले. या उलट काळजी दृष्टिहीन वाचकांची. चित्रातील मजकूर पडदावाचक सॉफ्टवेअर खात्रीने वाचू शकत नाही, म्हणून तोच उतारा खाली युनिकोडमध्ये टंकून देते आणि चित्राच्या पर्यायी वर्णनाचा रकाना भरते. प्रकाशनगृहांत मजकूर जुळवण्यासाठी अजूनही जुने, युनिकोड नसलेले फाँट वापरले जातात, त्यामुळे त्यांच्याकडून आलेला उतारा थेट चिकटवला तर निरर्थक चिन्हे उमटतात. मी स्वतःची मूळ फाइल युनिकोडमध्ये राखते, आणि हे पथ्य प्रत्येक लेखकाने पाळावे.

हक्कांविषयी लेखकांत जे अज्ञान आहे ते पाहून मी त्या विषयावर थोडे अधिक वाचले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा किंवा रंगचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, ते काढून घेणारा असतो. म्हणजे मी पैसे देऊन काढून घेतलेला फोटो माझा, पण प्रकाशकाने चित्रकाराला मानधन देऊन करून घेतलेले मुखपृष्ठ माझे नव्हे. त्याचे तुकडे करून, रंग बदलून पोस्ट बनवण्यापूर्वी प्रकाशकांची आणि शिष्टाचार म्हणून चित्रकाराचीही परवानगी घ्यायला हवी. ती मी ईमेलवर घेतली आणि प्रत्येक ठिकाणी चित्रकाराचे नाव दिले. जुन्या चित्रांच्या बाबतीत कलावंताच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क टिकतात. दीनानाथ दलालांचे निधन १९७१ मध्ये झाले, तेव्हा त्यांची चित्रे २०३१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत आणि ती आपल्या कवितेमागे लावणे, कितीही प्रेमाने केले तरी, गैर आहे. १९४४ मध्ये निवर्तलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवर आता तसा हक्क उरलेला नाही. ज्यांना जुन्या मुंबईचे वातावरण हवे आहे त्यांनी धुरंधरांच्या पोस्टकार्डांकडे जावे.

या सर्वांतून शेवटी एक पानभर टिपण तयार झाले: चार रंगांचे संकेत, दोन फाँट, पट्टीची जागा, नावाचा लघुतम आकार, फोटोची एक फाइल, आणि काय टाकायचे नाही याची यादी. ही यादी सर्वांत लांब आहे. सत्कार, सणांच्या शुभेच्छा, इतरांची सुविचारवजा वाक्ये, श्रद्धांजलीच्या चौकटीत आपले नाव, हे सर्व तिच्यात आहे. शुभेच्छा न दिल्याबद्दल काही नातेवाईक रुसले, त्यांना फोन करून शुभेच्छा दिल्या. पोस्टची संख्या पूर्वीपेक्षा कमी झाली आणि प्रत्येक पोस्टमागचा वेळ वाढला. विक्री किती वाढली हे मला विचारले जाते. पुस्तकाच्या विक्रीत मुखपृष्ठ, प्रकाशकाची वितरणव्यवस्था, एखादे परीक्षण आणि निव्वळ तोंडी शिफारस यांचा वाटा वेगळा काढता येत नाही, तेव्हा मी तसा दावा करत नाही. मात्र पुण्यातील एका ग्रंथप्रदर्शनात एक वाचक पुस्तक हातात न घेताच मला म्हणाले, “त्या भोकांच्या पट्टीवाल्या तुम्हीच ना?” आणि त्यानंतर त्यांनी भोके कशाची आहेत ते विचारले. मी त्यांना जेकार्ड समजावून सांगितले, त्यांनी पुस्तक घेतले. दुसरा अनुभव सोलापूरचा: पूर्व भागातील एका तरुणाने माझी पोस्ट पाहून कळवले की ही पट्टी काठाची आहे, मधल्या नक्षीची नाही. त्याचे वडील पंचिंग करत असत.

दिवाळी अंकांत कथा छापून येते तेव्हा हे काहीच लागू होत नाही. तिथे संपादक आणि त्यांचा चित्रकार यांची मांडणी असते, आणि १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी पहिला दिवाळी अंक काढल्यापासून चालत आलेल्या त्या व्यवस्थेत लेखकाने आपली पट्टी घुसवू नये असे मला वाटते. कथेच्या पानाचा फोटो मी जसा आहे तसाच टाकते, चित्रकाराच्या नावासह.

तिसऱ्या संग्रहाचे काम आता सुरू आहे, या वेळी प्रकाशक वेगळे आहेत. मुखपृष्ठकारांना मी ते पानभर टिपण पाठवले आणि त्यातील काय घ्यावे याचे स्वातंत्र्य त्यांना आहे असेही लिहिले. त्यांनी नावाची अक्षरे आणि पट्टी लगेच स्वीकारली, फक्त पट्टी तळाऐवजी पुस्तकाच्या पाठीवर उभी घेतली, ज्यामुळे भाचीचा मूळ आग्रह तिथे पूर्ण झाला. तांबडा रंग मात्र त्यांनी नाकारला आहे. तिन्ही पुस्तके तांबडी झाली तर दुकानात गठ्ठ्यात ठेवल्यावर एकच पुस्तक वाटेल, असे त्यांचे म्हणणे आहे. काळपट हिरवा मुख्य ठेवून तांबडा केवळ पट्टीत आणावा असा त्यांचा प्रस्ताव आहे, आणि त्याचा छापील नमुना पुढच्या आठवड्यात येणार आहे.